पुठ्ठ्याचा भाव वेगळा

खारच्या तेराव्या रस्त्यावर
देवशीभाई गालांच्या दुकानात मी गेले होते
चार महिन्यांचे पेपर विकायला.
काट्यापाशी आधीच कुणाचं तरी अख्खं कपाट उतरलं होतं.
नाईलकाठच्या गुराख्यांचा जाडजूड अभ्यास,
त्याच्या पाठीला पाठ लावून मांजरांची व्यंगचित्रं,
काचबिंदूवर काहीतरी, बुद्धिबळातले शेवटचे डाव,
बिनअंड्याचे केक,
आणि महिन्याभरात पोर्तुगीज
(महिना बाराव्या दिवशी थांबलेला, तिथं बसचं तिकीट).

देवशीभाई एकेक पुस्तक गुडघ्यावर उघडत
आणि केळं सोलावं तसा पुठ्ठा सोलून
डाव्या हाताला टाकत.
"पुठ्ठ्याचा भाव वेगळा," म्हणाले, "आतल्याचा वेगळा."

थांबा, मी म्हटलं.
मला हवं होतं फक्त मांजरांचं. भाच्यासाठी.

पण समासात पेन्सिल होती.
पहिल्या पानावर इंदुमती विजयकर, आणि खाली वेगळ्या शाईत:
नेल्यास परत करणे.
एक लठ्ठ बोका मालकाच्या वर्तमानपत्रावर पसरलेला,
त्याच्या शेजारी बारीक अक्षरात,
"आमचे तहसीलदारही अस्सेच. अग्रलेखावरच बसतात."
दहा पानांनंतर,
"१४ ऑगस्ट ७१. तहसीलदारांची बदली झाली.
चाफ्याखाली."
मग, जरा ठळक,
"नवे तहसीलदार हजर. कान फाटका.
दूध नामंजूर. बोंबील मंजूर."

हसले मी. देवशीभाईंनी पाहिलं.

गुराख्यांचं पुस्तक उगाच उचललं, वजन बघायला.
तिथंही तीच पेन्सिल.
तिकडे माणूस आपल्या लाडक्या बैलाचं नाव लावतो,
त्याच्या शिंगांची गाणी रचतो,
मित्र त्याला त्याच नावानं हाक मारतात.
या ओळीखाली दोन रेघा. समासात एवढंच:
"म्हणजे मी?"

पुढं वंशावळीचा तक्ता.
पुरुष त्रिकोण, बाई वर्तुळ,
लग्न म्हणजे बरोबरचं चिन्ह.
त्या परक्या कुळाच्या कडेला तिनं आपलं मांडलं होतं.
आजोबा, दोन आज्या,
भाऊ बरोबर वहिनी, खाली तीन,
एक पुण्याला, दोन टोरांटोला.
आणि टोकाला एक वर्तुळ.
त्याच्या शेजारचं चिन्ह खोडलेलं,
इतकं, की कागद तिथं कापसासारखा झालाय,
उजेडाकडे धरला तर पलीकडचं पान दिसतं.
खाली रेघ मात्र आहे, तुटक तुटक,
तिच्या टोकाला त्रिकोण,
त्रिकोणाला दोन कान आणि सहा मिशा.
१, २, ३, ४. चारच्या पुढं टिंबं.

"कुठून आलं हे?"
"बिल्डिंग पाडणार, बेन. टेम्पो भरून दिला."
"आणि बाई?"
देवशीभाईंनी पंख्याकडे बघितलं.
मग काट्याकडे हात केला:
"हा पण त्याच टेम्पोतून आला.
गठ्ठ्यावरच बसलेला. सकाळपासून उतरत नाही."

काचबिंदूवर, चारही पाय पोटाखाली घेऊन,
राखाडी, किंचित मळका,
कचेरी सुटायच्या वेळेला अर्ज आल्यावर
बघावं तसा बघत.

मी आसपास पाहिलं. रस्त्यावर कुणी ओळखीचं नव्हतं.
मग हळूच म्हटलं,
"तहसीलदार?"

मान वळली नाही.
एक कान तेवढा वळला.

"दोन्ही पुस्तकं द्या," मी म्हटलं. "पुठ्ठ्यासकट."
देवशीभाईंनी ती बोक्याशेजारी ठेवली,
आकडा वाचला, बोटांवर काहीतरी केलं.
"मांजराचे चार किलो वजा करतो."
"आणि तुमचे पेपर? ठेवा इकडे, लावतो भाव."

नको, म्हटलं. राहू देत.
लागतील.